मरीयेची सुईण

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी प्रार्थनेहून घरी येऊन मालनबाई जी दोर वळायला बसली, ती मंगळवारी दुपारी तशीच बसलेली होती. घायपाताचा सगळा वाख संपत आला होता. दोर वळणं हे खरं तर तिच्या नवऱ्याचं, आसारामचं काम. पण दोन दिवस तो नुसता उंबऱ्यावर बसून तिच्या हातांकडं बघत होता. असा पीळ त्यानंही कधी दिला नव्हता.

“आगं, बैलं बांधायचीत का हत्ती?” त्यानं भीत भीत विचारलं.

“मास्तरला बांधायचाय,” मालनबाई म्हणाली.

आसाराम गप्प बसला. बायको अशी बोलायला लागली की गप्प बसावं, एवढी अक्कल त्याला संसाराच्या पहिल्याच वर्षी आली होती.

सोनईपासून तीन कोसांवर बोरओढा नावाचं हे गाव. गावाबाहेर ओढ्याच्या अलीकडं महारवाडा, पलीकडं मांगवाडा. महारवाड्यातली घरं दोन पिढ्यांमागं ख्रिस्ती झालेली. मांगवाड्यातली चार घरं पंधरा वर्षांमागं. मिशनच्या शाळेची एकच खोली, सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी चर्च. फळ्यावरचे पाढे पुसायचे, टेबलावर पांढरं कापड घालायचं, की झालं देवाचं घर. शाळेचे मास्तर आणि चर्चचे पुढारी एकच, रंगनाथ मास्तर. प्रभूभोजन द्यायला मात्र नगरहून पाद्री यावे लागत, आणि नाताळ सोडला तर ते दोन-तीन महिन्यांतून एकदा येत.

आता त्या रविवारी काय झालं ते सांगायला हवं. प्रभूभोजनाला सगळे टेबलापुढं एका ओळीत गुडघे टेकतात. पाद्री आधी भाकरीचा तुकडा देतात, मग द्राक्षारसाचा चांदीचा प्याला एकेकाच्या ओठाला लावत ओळीच्या शेवटापर्यंत जातात. बोरओढ्यात उजव्या टोकाला मास्तर बसत, त्यांच्याशेजारी त्यांची बायको बनुबाई, मग महारवाड्यातली बाकीची माणसं, आणि डाव्या टोकाला, दाराजवळ, मांगवाड्यातले चौघं. प्याला उजवीकडून निघायचा. कुणी तसा नियम केला नव्हता, कुठं लिहिलेला नव्हता. पण पंधरा वर्षांत तो एकदाही डावीकडून निघाला नव्हता.

त्या रविवारी पाद्री नवे होते. मार्तंडराव त्यांचं नाव, वयानं तरणे, नगरच्या मोठ्या चर्चमधून पहिल्यांदाच खेड्यात आलेले. त्यांना बोरओढ्याचा उजवा-डावा काय ठाऊक? ते प्याला घेऊन वळले आणि सरळ डाव्या टोकाला आले. पहिल्यांदा प्यायली मालनबाई. मग आसाराम. मग मांगवाड्यातले आणखी दोघं. पाचव्या माणसाच्या ओठापाशी प्याला गेला आणि त्या माणसानं मान खाली घातली. पाद्री थांबले, पुढं सरकले. सहाव्यानं रुमाल तोंडाला लावला. सातवी बाई उठून चक्क बाहेर गेली. असे एक-एक करून बाराही जण. शेवटी मास्तर. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

प्याल्यातला द्राक्षारस ओतून टाकायचा नसतो. मार्तंडराव पाद्री लालबुंद होऊन टेबलापाशी गेले आणि बारा माणसांचा वाटा एकट्यानं प्यायले. त्यांच्या घशाचा आवाज त्या खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. मालनबाई गुडघ्यांवरच होती. तिच्या ओठांवर द्राक्षारसाची गोडी अजून होती.

गुरुवारी दिवेलागणीच्या आधी मास्तरांनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. मास्तरांचं बोलणं नेहमीसारखंच, इस्त्री केल्यासारखं.

“दोष कुणाचाच नाही. पाद्रीसाहेब नवीन, त्यांना इथली रीत माहीत नाही. पण मालन, तू तरी समजून उठायला हवं होतंस. दुसऱ्या टोकाला जाऊन बसली असतीस, तर एवढी शोभा झाली नसती.”

“प्याला माझ्याकडं आला, मास्तर. मी न्हाई गेले प्याल्याकडं.”

“तेच सांगतोय. मी पाद्रीसाहेबांना पत्र घातलं होतं, त्यांचा जबाब आलाय.” मास्तरांनी खिशातून कागद काढला. “हल्ली क्षयाची साथ आहे. एका भांड्यानं पिऊ नये असं डॉक्टरसुद्धा सांगतात. तेव्हा नाताळपासून तुमच्या चौघांसाठी पितळेचं एक वेगळं फुलपात्र राहील. मी नगरहून नवं आणवतो. पाद्रीसाहेब लिहितात, मंडळीत फूट पडू नये म्हणून तूर्त तसं करा.”

“क्षय आमच्याच चार तोंडांत हाय व्हय? आन् तुमची बारा तोंडं एका प्याल्याला लागत्यात, तवा क्षय कुठं जातो? सोनईच्या बाजाराला?”

कुणीतरी मागं हसलं आणि मास्तरांनी बघितल्यावर खोकल्यासारखं केलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची मास्तरांची ही सवय मालनबाईला जुनी ठाऊक होती. पण तिला खरी चीड आली ती पाद्र्याच्या त्या ‘तूर्त’ची. माणसाच्या तोंडावर थुंकायचं आणि वर म्हणायचं, तूर्त पुसू नका.

“मी येनार न्हाई नाताळला,” ती म्हणाली. “आन् मास्तर, तुमच्या लेकीला, पुष्पीला दिवस भरत आलेत. तिच्या बाळंतपनाला मला बोलवू नका. माझे हात बी मांगाचेच हायेत.”

ती उठून आली. ओढा ओलांडेपर्यंत तिला रडू आलं नाही आणि ओलांडल्यावर आवरलं नाही.

ती ख्रिस्ती झाली ती काही पुस्तक वाचून झाली नव्हती. पंधरा वर्षांमागं चैत्राच्या उन्हात मिशनची म्हातारी मडम पायी चालत मांगवाड्यात आली होती. झोपडीच्या सावलीला टेकली आणि पाणी मागितलं. मालनबाई म्हणाली होती, “आमी मांग हावोत, बाई.” मडम म्हणाली, “मला तहान लागली आहे.” तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायली आणि दुसरा मागितला. मालनबाईचं एकुलतं एक पोर त्याच साली देवीच्या आजारात गेलं होतं. तिच्या हातचं पाणी तेव्हा तिची भावकीसुद्धा अपशकुनी म्हणून टाळत होती. त्या दोन तांब्यांपायी मालनबाईनं बाप्तिस्मा घेतला. पुढं पाद्र्यांनी देवाच्या प्रीतीबद्दल पुष्कळ शिकवलं, पण तिच्या लेखी देवाची प्रीती तेवढीच होती. देवाला तहान लागते आणि तो विचारत नाही की तांब्या कुणाचा.

त्या मडमेनंच एक रीत घालून दिली होती. आगमनकाळाचे चार रविवार, खिडकीत चार पणत्या. दर रविवारी एकानं उठून एक पणती लावायची आणि देवाची प्रीती आपल्याला कुठं भेटली ते सांगायचं. वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून चार नावं काढत. या साली चौथा रविवार मालनबाईचा निघाला होता. ती काय सांगणार हे सगळ्यांना पाठ होतं. मडम, ऊन आणि दोन तांबे.

आता तिला वाटत होतं, ती पणती नेऊन मास्तरांच्या डोक्यावर फोडावी.

दुसऱ्या आठवड्यात तिला मास्तर दिसले ते गावाच्या विहिरीवर. विहिरीवर म्हणजे विहिरीपासून वीस पावलांवर. ख्रिस्ती झाला, मास्तर झाला, पांढरा सदरा घातला, तरी गावाच्या विहिरीवर महारानं चढायचं नाही. मास्तर दोन रिकामे हंडे पुढं ठेवून उन्हात उभे होते. घरात लेक बाळंतपणाला आलेली, म्हणून पाणी जास्त लागत असणार. पाटलाघरची मुक्ताबाई आली, तिनं पोहरा ओढला, हंड्यांपाशी आणला आणि मान दुसरीकडं करून कमरेएवढ्या उंचीवरून हंड्यात पाणी सोडलं. अर्धं आत गेलं, अर्धं मास्तरांच्या धोतरावर.

“उपकार झाले, बाई,” मास्तर म्हणाले.

मालनबाईला आधी वाईट वाटलं. शाळेत छडी घेऊन फिरणारा माणूस, कसा हात जोडून उभा होता. मग तळपायाची आग मस्तकात गेली. हा भाजलेला माणूस. चटका काय असतो हे याला रोज कळतं. आणि तोच घरी जाऊन दुसऱ्याला चटका देतो? पाटलीणबाईचा राग यावा, तर ती बिचारी तिच्या आज्या-पणज्यांनी शिकवलं ते करते. तिला कुणी सांगितलंय की देवाला सगळे सारखे? याला सांगितलंय. हा तर दर रविवारी दुसऱ्यांना सांगतो.

मास्तरांनी तिला बघितलं. हंडे उचलून ते झपाझप निघून गेले.

तिसऱ्या आठवड्यातला बुधवार. भर दुपारी बनुबाई ओढा ओलांडून मांगवाड्यात आली. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात वहाणा नाहीत. मास्तरांच्या बायकोनं मांगवाड्यात पाय ठेवल्याचं कुणी कधी बघितलं नव्हतं.

“मालन, चल. पुष्पीचं काही खरं न्हाई.”

मालनबाई दोर वळत होती. तिनं मान वर केली नाही. “नर्स आननार हुते न्हवं मास्तर? मिशनच्या दवाखान्यातली?”

“पहाटंच बैलगाडी धाडलीय. अजून पत्त्या न्हाई. सरकारच्या लढाईच्या गडबडीत दवाखान्यात मानसं कुठं हायेत? मालन, पानी कवाच गेलंय. आन् आता पाय दिसतोय गं. डोकं न्हाई, पाय.”

दोराचा पीळ मालनबाईच्या हातात सैल झाला. पायाळू. तिनं आजवर सात पायाळू बाळंतपणं केली होती. चार पोरं जगली, तीन गेली, एक आईसुद्धा गेली. हे गणित तिला अक्षर येत नसूनही पाठ होतं.

“मास्तरला येऊ द्या,” ती म्हणाली. “मास्तरनं हितं येऊन म्हनावं, मालनबाई, चुकलं. मग मी येते.”

बनुबाई मातीत बसली आणि तिनं दोन्ही हातांनी मालनबाईची पावलं धरली. तिचे हात थंडगार होते.

मालनबाई उठली. बनुबाईच्या रडण्यानं नव्हे, मास्तरांच्या धाकानं तर नव्हेच. पुष्पावतीला तिनंच या जगात आणलं होतं. वीस वर्षांमागं त्याच घरात, याच दोन हातांनी. आणि आता त्या पोरीच्या पोटातलं पोर उलटं फिरून बसलं होतं आणि त्याला काय ठाऊक प्याल्याचं?

रस्ताभर ती देवाशी भांडली. मोठ्यानं भांडली, मागून धापा टाकत येणाऱ्या बनुबाईला ऐकू जाईल असं. “तुझं बरं हाय, बाबा! आमी वाट बघायची, चार-चार आठवडे, पनत्या लावून. तू येनार, तू येनार! आन् येतोस कुठनं? ज्या घरात मला उंबऱ्याबाहेर बसवत्यात त्याच घरातनं हाक मारतोस. दुसरी सुईन न्हवती तुला? दुसरं दार न्हवतं? मला म्हनायचं प्रीती कर, आन् त्याला म्हनायचं काय? त्याला कवा म्हननार?”

देव काही बोलला नाही. महारवाड्यातली कुत्री मात्र भुंकली.

खोलीत पुष्पावती अंगावरच्या घामानं ओलीचिंब होऊन पडली होती. मालनबाईला बघताच तिनं हात पुढं केला, “मावशी.” मालनबाईनं पदर खोचला, कढत पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि राग दाराबाहेर ठेवला. म्हणजे ठेवायला बघितला. तो आत आलाच; पण बोटांत आला नाही. बोटं आपलं काम करत राहिली. ओढायचं नाही, घाई करायची नाही, आईनं जोर लावला की नुसता आधार द्यायचा. एक पाय, दुसरा पाय, कंबर, एक-एक करून हात. मग डोकं अडकलं. तेव्हा मालनबाईनं बोट आत घालून बाळाची हनुवटी छातीकडं वळवली आणि ओरडली, “आता! आता, पुष्पे!”

मुलगा झाला. निळा पडला होता, हलत नव्हता, आवाज नव्हता.

बनुबाईनं हंबरडा फोडला. त्या आवाजानं मास्तर दार ढकलून आत आले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं येऊ नये, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. त्यांनी बघितलं ते असं: मालनबाई जमिनीवर बसलेली, नातवाला मांडीवर पालथा घेतलेला, त्याच्या पाठीवर थापट्या मारत. मग तिनं त्याला उताणा केला. त्याच्या इवल्याशा नाकातोंडावर आपलं तोंड लावलं, आतला चिकटा ओढून काढला आणि बाजूला थुंकली. पुन्हा ओढला, पुन्हा थुंकली. मग गालात मावेल एवढीच हवा घेऊन त्याच्या तोंडात फुंकली. एकदा. दोनदा. तिच्या ओठांची लाळ बाळाच्या हनुवटीवरून ओघळत होती. मास्तर दारात खिळल्यासारखे उभे होते. सहाव्या का सातव्या फुंकरीला बाळाचं पोट हललं. मग त्यानं तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला, की बाहेर आंगणात जमलेल्या बायका एकदम बोलायला लागल्या.

मालनबाईनं नाळ कापली, बाळाला पुसून आईच्या कुशीत दिलं, आणि मग भिंतीला टेकून बसली. मास्तर निघून गेले होते.

दिवस कलायला लागला तेव्हा बैलगाडी आली. नर्सनं दोघांनाही तपासलं आणि म्हणाली, “बाई, तुम्ही नसता तर मी फक्त रडायला आले असते.” मालनबाईला बरं वाटलं. ती ओट्याशी येऊन बसली. बनुबाईनं गुळाचा चहा केला होता, आल्याचा वास दारापर्यंत येत होता. नर्सला बशी-कपात दिला. गाडीवानाला दिला. मग बनुबाईनं बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात हात घातला, तिथला कान तुटलेला कप काढला, फुंकर मारून त्यातली धूळ उडवली, चहा ओतला आणि मालनबाईपुढं ठेवला.

तो कप मांगवाड्यातल्या माणसांसाठीचा होता. वर्षानुवर्षं त्या कोनाड्यात होता.

बनुबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. हात आपोआप गेला होता. मालनबाईला तेच सगळ्यात जास्त झोंबलं. कुणी ठरवून अपमान केला तर भांडता येतं. हाताला सवयच लागलेली असेल तर भांडायचं कुणाशी? गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथं गरज सरून अजून चहा निवायचा होता. तिनं कप उचलला, सगळा चहा आंगणात ओतला, कप ओट्यावर पालथा घातला आणि चालू लागली. मागून बनुबाईचा आवाज आला, “मालन!”

चौथ्या रविवारी खोली गच्च भरली होती. मालनबाई येणार नाही अशी पैज काहींनी लावली होती. ती आली. कोरं लुगडं नेसून आली, खिडकीपाशी गेली, तीन पणत्या जळत होत्या त्यांच्याशेजारची चौथी तिनं पेटवली आणि सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली.

“मडमेची गोष्ट सांगनार न्हाई आज,” ती म्हणाली. “ती तुमाला पाठ हाय. मी येक विचारते. मरीयेची सुईन कोन हुती?”

सगळे एकमेकांकडं बघू लागले. मास्तरांनी घसा खाकरला. “पवित्र शास्त्रात तसा उल्लेख नाही.”

“न्हाई ना? मेंढक्यांचा हाय. राजांचा हाय. आमचं कुनाचं न्हाई. पर पोर काय आपोआप बाहेर येतं, मास्तर? परक्या गावात, गोठ्यात, पहिलटकरीन. कुनीतरी बाई बोलावली असंल. कुनीतरी नाळ कापली असंल. देव पयल्यांदा जगात आला तवा पयल्यांदा कुनाच्या हातात आला? त्या बाईच्या. मंग ती बाई घरी गेली आन् तिचं नाव कुनी लिवलं न्हाई. तिला च्या कशात दिला आसंल, ते मला चांगलं ठावं हाय.”

पुढच्या ओळीतल्या बनुबाईनं पदर तोंडाला लावला.

“देवाची प्रीती कुठं भेटली ते सांगायचं हाय न्हवं? सांगते. प्रीती-बिती काय न्हाई, मला राग आला. लई राग आला देवाचा. त्यानं मला त्या घरात नेलं. त्या पोराच्या तोंडात माझं तोंड घालाय लावलं. मास्तर, तुमी दारात हुता. तुमी डोळ्यानं बघितलंत. आईच्या दुधाच्या आधी, मधाच्या बोटाच्या आधी, तुमच्या नातवाच्या पोटात माझी थुंकी गेली. त्याच थुंकीला तुमी नगरहून फुलपात्र आनवलंय.” ती थांबली. तिला धाप लागली होती. “मी नाताळला येनार. माझ्या जागी बसनार. त्याच प्याल्यातनं पिनार. ज्याला चालत नसंल, त्यानं आधी त्या पोराच्या पोटातनं माझी थुंकी काढून दाखवावी. आमेन.”

‘आमेन’ कुणीच म्हटलं नाही. पण कुणी उठूनही गेलं नाही.

नाताळच्या सकाळी मालनबाईनं ओढ्यावरून दोन घागरी आणून शाळेच्या आंगणात सडा टाकला. ते दरसालचं मांगवाड्याचं काम. मांगांच्या पाण्यानं जमीन शिंपलेली चालत असे. प्यायचा माठ आत असे आणि तो बनुबाई भरत असे. एक घागर संपली, दुसरी अर्धी राहिली, ती तिनं दाराशी ठेवली.

आत टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर चांदीचा प्याला होता आणि शेजारी पितळेचं फुलपात्र, नवंकोरं, लखलखीत. मार्तंडराव पाद्री त्याच्याकडं बघत नव्हते. मांगवाड्यातले चौघं डाव्या टोकाला बसले, मास्तर उजव्या. पाद्र्यांनी प्याला उचलला आणि मध्येच थांबले. कुठून सुरुवात करावी, हे आता त्यांना ठाऊक झालं होतं, आणि म्हणूनच त्यांना कळेनासं झालं होतं.

तेवढ्यात बनुबाई उठली. नवऱ्याशेजारची जागा सोडून, सगळ्या ओळीच्या मागून चालत ती डाव्या टोकाला आली आणि मालनबाई आणि आसारामच्या मधे दाटीवाटीनं गुडघे टेकून बसली. आसाराम घाबरून सरकला. बनुबाई मालनबाईच्या कानाशी पुटपुटली, “तो कप फोडला मी.”

एक कप फोडायला दहा दिवस लागले, असं मालनबाईच्या ओठांवर आलं होतं, पण समोर पाद्री होते.

ते डावीकडूनच आले. मालनबाई प्यायली. बनुबाई प्यायली. आसाराम, मग बाकीचे दोघं. मग महारवाडा सुरू झाला. एकानं डोळे मिटून घोट घेतला. एका म्हातारीनं एरंडेल पाजल्यासारखं तोंड केलं, पण गिळलं. कुणी ओठ नुसते टेकवले, कुणी खरोखर प्यायले. उठून मात्र कुणीच गेलं नाही. ओळीच्या शेवटी, बायकोच्या रिकाम्या जागेशेजारी मास्तर एकटे उरले.

प्याला त्यांच्या ओठांपाशी आला. मास्तरांनी तोंड उघडलं नाही. भिंतीकडंही फिरवलं नाही. त्यांची मान ताठ होती आणि कानशिलाची शीर उडत होती. मग त्यांनी टेबलाकडं बघितलं आणि इतक्या हळू बोलले, की मागच्यांना ऐकू गेलं नाही.

“मला… त्यातून द्या.”

पाद्र्यांनी टेबलापाशी जाऊन फुलपात्र घेतलं आणि चांदीच्या प्याल्यातला उरलेला द्राक्षारस त्यात ओतला. पंधरा तोंडांचा उष्टा, सगळ्यांत आधी मालनबाईच्या तोंडचा. मास्तरांनी ओतताना बघितलं. मांगांसाठी नगरहून मागवलेलं फुलपात्र दोन्ही हातांत धरलं आणि सगळ्या मंडळीसमोर एकट्यानं त्यातून प्यायले.

मालनबाईला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिला भयंकर राग आला, आणि या खेपेला मास्तरांचा नाही. देवाचाच आला. काय हा देव! याला काही मानपान आहे का? चांदीच्या प्याल्यात बोलावलं तर चांदीच्या प्याल्यात येतो, आणि कुणी तोंड फिरवून बाजूचं भांडं पुढं केलं, तर त्यातही मुकाट्यानं जातो. तिनं जन्मात कुणासाठी असं केलं नसतं. त्या बुधवारी केलं होतं, हे तिला जरा वेळानं आठवलं.

प्रार्थना संपली. लोक आंगणात गुळाच्या पोळ्यांकडं वळले. भांडी धुणं हे मास्तरांचं काम. ते प्याला आणि फुलपात्र घेऊन दारात आले. मालनबाई तिच्या घागरीपाशी उभी होती.

“घोट गेला का खाली, मास्तर?” तिनं विचारलं.

“गेला.”

“मंग मोठ्यातनंच घ्यायचा हुता. येक भांडं घासायचं तरी वाचलं असतं.”

प्यायचा माठ आत काठोकाठ भरलेला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी मास्तर आत गेले नाहीत. दोन्ही भांडी त्यांनी पुढं धरली.

“मालनबाई,” ते म्हणाले. मालनबाई असं त्यांनी तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं. “जरा पाणी घालता का?”

तिच्या पोटातला राग तसाच होता, तो असा एका हाकेनं जाणारा नव्हता. मग तिनं घागर उचलली.

“वरनं घालनार न्हाई,” ती म्हणाली. “जवळ या.”

मास्तर एक पायरी उतरले. घागरीचा काठ त्यांच्या बोटांना लागेपर्यंत ते जवळ आले, आणि मग तिनं पाणी घातलं.